वरच्या रानाचं पांघरूण

आत्याचा थोरला भाऊ जन्मात कोणाला 'नाही' म्हणाला नव्हता, आणि आत्याची सगळी अडचण तीच होती. नाही म्हणणाऱ्याशी भांडता येतं. भांडण आत्याला चांगलं जमायचं, त्यात तिने नोकरीच्या काळात मोठमोठ्यांना पाणी पाजलं होतं. पण दादा म्हणायचा, "बघू." वर गोड हसायचा, चहा प्यायला बस म्हणायचा. आता 'बघू' म्हणून चहा पुढे करणाऱ्या माणसाशी भांडणार तरी कसं? आत्या चहा प्यायची, घरी यायची आणि राग भांड्यांवर काढायची.

तिला खऱ्या नात्याने आत्या म्हणणारी एकच, दादाची मुलगी. पण तिचं ऐकून शेजारचे म्हणू लागले, मग दुकानदार, मग सगळी वस्ती. दादा मात्र तिला अजून 'चिमणे' म्हणायचा. साठी ओलांडलेली, हाडापेराने दणकट, हाक मारली तर दोन रानं पलीकडचं कुत्रं उठून बसेल अशी बाई, आणि हा तिला चिमणी म्हणणार. असं म्हणणारा जगात एवढा एकच माणूस उरला होता, म्हणून तिला त्याचा रागही धड करता येत नव्हता.

उभं आयुष्य तिने शहरातल्या एका मोठ्या हॉस्पिटलच्या तळघरात काढलं. तिथे कपड्यांची खोली होती. चादरी, अभ्रे, घोंगड्या, ऑपरेशनचे हिरवे अंगरखे, सगळं वरून मळून यायचं आणि धुऊन, वाळवून, घड्या घालून परत वर जायचं. वाफेने भिंती बाराही महिने ओल्या असायच्या. सुरुवातीला ती घड्या घालायची; निवृत्त झाली तेव्हा खोली तिच्या ताब्यात होती. तिचा नियम एकच, वर कोणीही उघडं राहता कामा नये. एकदा एका मोठ्या डॉक्टरने पेशंटला तपासून तसंच व्हरांड्यात सोडलं, अंगावर धड काही नाही. आत्या चादर घेऊन स्वतः वर गेली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "साहेब, माणूस आजारी असला तरी माणूस आहे. आधी झाका, मग काय ते निदान करा." साहेब आठवडाभर तिच्याशी बोलले नाहीत आणि तिचं त्यावाचून काही अडलं नाही. लग्न तिने केलं नाही. का केलं नाही, हे विचारायची कोणाची छाती झाली नाही.

दादा रंगारी. लोकांच्या घरांना रंग द्यायचा. त्याच्या हाताला यश होतं, कारण तो आधी भिंत खरवडायचा. जुना रंग, पापुद्रे, बुरशी, सगळं पत्र्याने खरवडून, पॉलिश पेपर मारून भिंत अशी नितळ करायचा की गिऱ्हाईक म्हणायचं, आता रंग नाही दिला तरी चालेल. हीच खोड त्याने शेतात आणली. मका काढून झाला की तो धसकटं उपटायचा, गवताची काडी न् काडी वेचायचा, नांगर घालायचा, ढेकळं फोडायचा. पुढच्या पेरणीपर्यंत रान खरवडलेल्या भिंतीसारखं स्वच्छ पडून असायचं. आणि या बाबतीत सगळी वस्ती त्याच्याच बाजूची. तिकडे रिकाम्या हंगामात ज्याचं रान साफ, तो माणूस कामाचा. ज्याच्या रानात हिरवं दिसलं, तो आळशी, नाहीतर आजारी, नाहीतर घरात काहीतरी बिनसलेलं. येणारेजाणारे रस्त्यावरून रानं बघत जायचे आणि बघूनच माणसांचं माप काढायचे.

या दोघांची जमीन बापाकडून आलेली आणि उताराला. वरचं रान, खालचं रान, मध्ये खचलेला बांध. खालचं काळं आणि भुसभुशीत, हात घातला तर मनगटापर्यंत जाईल. वरचं फिकट आणि आखडलेलं, आणि दरवर्षी त्यात नवे दगड वर यायचे. बाप न्यायाचा मोठा भोक्ता. जाताना दोघांना समोर बसवून सांगून गेला की जमीन कायमची वाटायची नाही, पाळी लावायची. एका वर्षी एकाकडे वरचं, दुसऱ्याकडे खालचं, आणि दरवर्षी पेरणीच्या तोंडावर अदलाबदल. म्हणजे पुढे जाऊन कोणी कोणाला बोल लावायला नको.

अन्याय कोणावर झाला नाही, हे कबूल. झाला तो जमिनीवर. येत्या पेरणीला रान दुसऱ्याच्या हाती जाणार म्हटल्यावर त्याच्यासाठी जीव कोण काढणार? भागीचं घोडं किवणानं मेलं, म्हणतात ते काही उगीच नाही. वरच्या रानाची माती प्रत्येक पावसात खाली जायची, आणि ज्याची पाळी खालच्याची असेल तो म्हणायचा, देवाने दिलं. कोणाच्या ताटातलं काढून दिलं, ते कोणी विचारायचं नाही.

आत्या नोकरीत होती तोवर दोन्ही रानं दादाच कसायचा आणि तिच्या वाट्याचा मका न चुकता गोणीत भरून पाठवायचा. निवृत्त झाल्यावर ती परतली, बांधाकडेच्या दोन खोल्यांत राहू लागली आणि म्हणाली, "माझं मी बघते." पहिल्या वर्षी तिच्या पाळीला खालचं रान आलं. मका डोक्यावर गेला, वस्तीने कौतुक केलं, आणि आत्याला वाटलं शेती म्हणजे काही फार अवघड प्रकरण नाही. दुसऱ्या वर्षी वरचं आलं आणि तिचं विमान जमिनीवर उतरलं. कुदळ मारली तर ठण्ण वाजायचं. पाऊस पडला की पाणी आत जायचंच नाही, पडल्या पावली खाली धावायचं. मका जेमतेम कमरेला लागला आणि तिथेच दम टाकून बसला.

त्याच वर्षी तिला भोपळ्याचा वेल दिसला. म्हणजे वेल होताच. तिने खरकटं टाकलं होतं त्यात बी रुजलं आणि वेल पसरत पसरत वरच्या रानाच्या एका कोपऱ्यात शिरला. काढायला म्हणून तिने पानं उचलली आणि हात लावला तर खालची माती गार. आजूबाजूचं रान तव्यासारखं तापलेलं आणि इथे माती गार, मऊ, वर गांडुळांची वळवळ. आत्या तिथेच उकिडवी बसली. तिला त्या क्षणी काही ज्ञान वगैरे झालं नाही. तिला राग आला. आपण बाहेर पाय टाकताना डोक्यावर पदर घेतो, रात्री अंगावर घेतो, आणि या बिचारीला आठ महिने उन्हापावसात नागवं ठेवतो, वर म्हणतो, पिकत नाही.

बियाण्याच्या दुकानदाराला तिने विचारलं. तो म्हणाला, "मग ताग पेरा, आत्या. सोबत चवळी. मका निघाला की लगेच. खायला नाही, विकायला नाही, फक्त रान झाकायला. ताग सरळ जातो, मुळं खोल घालतो, आखडलेली जमीन तो फोडतो. चवळी खाली पसरते, हवेतलं खत मुळाशी धरून ठेवते. फुलावर आलं की कापायचं आणि तिथेच पडू द्यायचं. बी धरू देऊ नका, नाहीतर ताग लाकडासारखा होईल आणि मग मला शिव्या द्याल. पेरणी त्या पाचोळ्यातच करायची." हे सांगून त्याने सुस्कारा सोडला. "सगळ्यांना सांगतो. घेऊन कोणी जात नाही. लोक म्हणतात, साफ केलेल्या रानात पुन्हा गवत पेरायला आम्ही काय येडे आहोत?"

आत्याने दोन्ही बियाणी घेतली आणि मका निघाल्या निघाल्या फेकली. रिकाम्या हंगामात अधूनमधून सरी यायच्या, तेवढ्यावर ती उगवली. सगळी रानं तपकिरी आणि मध्येच आत्याचं हिरवंगार, त्यावर पिवळी फुलं. वस्तीला करमणूक झाली. कोणी म्हणालं, आत्याला डोळ्यांनी कमी दिसायला लागलं असेल, गवत झालंय हे कळत नसेल. कोणी दादाला जाऊन सांगितलं, बहिणीला मदत करा, एकटी बाई, होत नसेल तिच्याने. दादाचा जीव खालीवर. तो आला आणि हळूच म्हणाला, "चिमणे, मी दोन माणसं लावून काढून घेऊ का?"

"हात लावलास तर याद राख," आत्या म्हणाली. "पेरलंय मी ते."

"पेरलंयस?"

"पेरलंय."

दादाने रानाकडे बघितलं, मग तिच्याकडे. "बरं बरं," म्हणाला. "थकली असशील. जेवायला येतेस का घरी?"

फुलावर आल्यावर तिने कापून सगळं रानात आडवं पसरलं, अगदी चादर घालतात तसं, कडा कडेला जुळवून. आणि पेरणी तोंडावर आली तशी पाळी बदलली. वरचं दादाकडे गेलं. आत्याने बजावून सांगितलं, की पाचोळा हलवू नकोस, त्यातच बी टोच. दादाने मान हलवली. दुसऱ्या दिवशी बघते तर त्याने दाताळ्याने सगळा पाचोळा ओढून बांधाला ढीग घातलेला, आणि स्वच्छ रानात उभा राहून घाम पुसतोय. "तुझा पसारा आवरून दिला," म्हणाला. आत्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण मुळं काही त्याला ओढून काढता आली नाहीत. ती खाली होती आणि त्यांचं काम करून बसली होती. त्या वर्षी पावसाचं पाणी वरच्या रानात मुरलं, आणि मका आला तो असा की वरच्या रानाने तसा कधी बघितला नव्हता. लोक थांबून बघायचे. दादा कणसं हातात घेऊन तिला दाखवायला आला.

"बघ," म्हणाला, "यंदा बियाणं काय नामी मिळालं."

काही वेळा माणसाला इतकं बोलायचं असतं की सगळे शब्द एकदम दाराशी येतात आणि एकही बाहेर पडत नाही.

मका काढल्यावर दादाने रान नेहमीसारखं खरवडून ठेवलं. त्या हंगामात दोन सरी दणकून आल्या आणि तिने कमावलेली सगळी मऊ माती बांध ओलांडून खाली गेली. पुन्हा पेरणी आली, पुन्हा पाळी बदलली, आणि वरचं रान आत्याला परत मिळालं ते होतं तसं, ठण्ण वाजणारं. म्हणजे तिने पेरायचं, दादाने खायचं, वर खरवडून तिच्या पदरात टाकायचं. या चालीने शंभर वर्षं गेली तरी वरचं रान सुधारणार नव्हतं, आणि आत्याजवळ शंभर वर्षं नव्हती.

तेव्हा तिने ठरवलं की ही पाळीच मोडायची. ती सरळ भावाच्या घरी गेली आणि म्हणाली, "दादा, यापुढे अदलाबदल नको. वरचं रान कायमचं मला दे, खालचं कायमचं तू घे."

असा सौदा कोणी ऐकला असेल का? चांगलं तुला, वाईट मला. कोणीही उडी मारून घेतला असता. दादा म्हणाला, "बघू."

वहिनी आतून पदराला हात पुसत आली. ती बाई वाईट नव्हती, पण तिचा एक सिद्धांत होता की फुकट कोणी काही देत नाही. "वन्सं," ती म्हणाली, "वरच्या रानात असं काय आहे हो?"

"काही नाही. दगड आहेत."

"मग तुम्हाला कशाला हवंय?"

"काही नाही म्हणूनच हवंय. मला तिथे काहीतरी करायचं आहे."

"काय करायचं आहे?"

"माती."

वहिनीने नवऱ्याकडे बघितलं. "कुठेतरी पाणी मुरतंय," ती म्हणाली.

"मुरत नाही, वहिनी, हेच तर माझं रडगाणं आहे," आत्या म्हणाली. "वरच्या रानात एक थेंब मुरत नाही."

पण संशय एकदा घरात शिरला की त्याला चहा लागत नाही, जेवण लागत नाही, तो आपला पोसला जातो. आत्या जितकी म्हणू लागली वरचं द्या, तितकी वहिनीची खात्री पटू लागली की तिथून रस्ता जाणार आहे, नाहीतर विहिरीला झरा लागलाय, नाहीतर हॉस्पिटलातल्या कोणा बड्या साहेबाने हिच्या कानात काही सांगितलंय. आत्याने खरं सांगितलं. मग तेच पुन्हा, सावकाश सांगितलं. मुळं कशी जमीन फोडतात, झाकलेलं रान कसं थंड राहतं, पावसाचा थेंब पानावर पडला तर माती कशी उडत नाही, गांडुळं कशी येतात. भोपळ्याच्या जागची माती तिने डब्यातून नेऊन टेबलावर ओतली. वहिनी म्हणाली, "अहो, आत्ताच फडकं मारलं होतं." दादाने माती हाताने गोळा करून डब्यात परत भरली, टेबल पुसलं आणि म्हणाला, "बघू."

पालथ्या घड्यावर पाणी. आत्या घरी परत येताना स्वतःशीच मोठ्याने बोलत यायची, आणि मग वस्तीला आणखी एक विषय मिळायचा.

तिने तरीही त्या वर्षी वरच्या रानात पुन्हा ताग आणि चवळी पेरली. हातपाय पूर्वीसारखे चालत नव्हते. रात्री खांदा धरायचा. पेरताना तिला कळत होतं की पुन्हा हे सगळं दाताळ्याखाली जाणार आहे, आणि हे कळत असतानाही पेरण्याचं जे एक कडवट दुःख असतं, ते तिने त्या हंगामात चांगलं चाखलं. फुलं आली तेव्हा तिला आनंदसुद्धा झाला नाही.

रविवारी भाची आली. ती शहरात औषधांच्या दुकानात कामाला होती, डोक्याने तल्लख, आणि आत्याच्या घरात तिलाच काय ते मोकळेपणाने बोलता यायचं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि हसायला लागली.

"आत्या, तू उलटं माग ना. म्हण, मला खालचं हवंय कायमचं. आई म्हणेल, अस्सं, म्हणजे हिचा डोळा खालच्यावर होता. मग वरचं तुझ्या गळ्यात आपणहून मारतील."

"मी खोटं बोलणार नाही."

"आजवर खरं बोलून काय मिळवलंस?"

दोन दिवस आत्या स्वतःशी झगडली. पेरणी जवळ आली होती, पाळी बदलायची वेळ झाली होती. शेवटी तिने मन दगडासारखं केलं, भावाच्या घरी गेली आणि उभ्याउभ्याच म्हणाली, "दादा, मी विचार बदललाय. मला खालचं रान कायमचं हवंय. वरचं तू ठेव."

दादा स्टुलावर बसून ब्रश धूत होता. त्याने मान वर केली. चेहरा असा उजळला की आत्या घाबरलीच.

"घे," तो म्हणाला. "आजपासून तुझं."

जन्मात पहिल्यांदा तो 'बघू' म्हणाला नव्हता.

"अरे, पण..."

"पण नाही नि बिण नाही. किती दिवस मी याचीच वाट बघत होतो. तू आपली सारखी वरचं दे, वरचं दे. मला काय कळत नव्हतं? भावाचा संसार आहे, त्याला चांगलं राहू दे, मी एकटी काय दगडातसुद्धा भागवेन, असंच ना? लहानपणीसुद्धा मोठा तुकडा मलाच द्यायचीस. मी एवढा नालायक आहे का, की बहिणीला दगड देऊन आपण काळी माती खाईन? म्हणून तर तुला काही बोलत नव्हतो." आणि आत हाक मारून म्हणाला, "ऐकलंस का? चिमणीने शेवटी मागितलं." वहिनीसुद्धा बाहेर आली. तिचा चेहरा जरा उतरला होता, पण ती म्हणाली, "घ्या वन्सं, तुमचाच हक्क आहे. मी उगीच काय काय मनात आणलं." आणि खरोखर तिचे डोळे भरले.

आता काय बोलायचं? त्या दोघांनी आयुष्यातलं चांगलं असेल ते तिच्या ओंजळीत घातलं होतं, आणि ती तिथे खोटं बोललेल्या माणसासारखी उभी होती, कारण ती खोटंच बोलली होती. आत्या चहा प्यायली. घरी येऊन भाचीला फोन केला आणि घडलं ते सगळं सांगितलं. भाची म्हणाली, "बाबा असं करतील असं मला वाटलं नव्हतं गं." आत्या म्हणाली, "मी साठ वर्षं ओळखते त्याला, मला तरी कुठे वाटलं होतं?"

तर आत्या खालच्या रानाची कायमची मालकीण झाली. दादाने वरच्या रानातला तिचा ताग ओढून बांधाला ढीग घातला, पेरणी केली, आणि मका पुन्हा झकास आला. यंदा त्याने श्रेय हवामानाला दिलं. मका काढल्यावर खाली आत्याने ताग-चवळी पेरली. हाताची सवय, दुसरं काय. तिथे त्याची तशी गरजही नव्हती, कोणी जेवलेल्या माणसाला वाढावं तसं ते होतं. वर दादाने नांगर घातला, ढेकळं फोडली आणि रान नितळ करून ठेवलं. येणारेजाणारे म्हणाले, वा.

आणि मग एका दुपारी आभाळ फाटलं. तासभर तर असा पाऊस की खिडकीतून बांध दिसेना. उघडल्यावर आत्या बाहेर आली. वरच्या रानात नांगराने तास पाडल्यासारख्या खोल घळी पडल्या होत्या आणि त्यांच्या तोंडाशी, तिच्या खालच्या कोपऱ्यात, तिच्या हिरव्या चवळीने अडवून धरलेला गाळाचा मोठा थर बसला होता. ती त्यात उतरली. घोट्यापर्यंत पाय गेला. मऊ, काळसर, अजून त्यात तिच्याच तागाच्या कुजक्या काड्यांचे तुकडे. तिने दोन वेळा पेरून, कापून, पसरून केलेली माती ती. दरवर्षी आता असंच होणार होतं. वरचं मरणार, खालचं माजणार, आणि माजणारं तिचं असणार. भावाच्या मायेने त्याचंच रान थोडं थोडं करून तिच्या घरात येत राहणार.

बांधावरून दादाची हाक आली. पाऊस थांबताच तो बघायला आला होता. "बघ चिमणे," तो खूश होऊन म्हणाला, "माती आपणहून तुझ्याकडे चालत येतेय. नशीबवान आहेस."

आत्याने घरातून घमेलं आणि फावडं आणलं, गाळ भरला, घमेलं डोक्यावर घेतलं आणि त्याच्या शेजारून चढ चढून वर गेली. वरच्या रानात, पहिल्या घळीत, ओतलं. परत आली. पुन्हा भरलं.

"काय करतेयस?"

"तुझी आहे ही. तुझ्या रानातली. मला नको."

"अगं, वेड लागलं का? या वयात चढावरून?"

ती थांबली नाही. तिसऱ्या खेपेला दादाने तिच्या हातातलं घमेलं हिसकावलं आणि आपल्या डोक्यावर घेतलं. आत्याने घरातली बादली आणली. मग दोघंही वाहू लागले. दादा तिच्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा, शिड्यांवर चढून गुडघे गेलेले. चढाला त्याचा श्वास लागायचा, तो मध्ये उभा राहायचा, आणि पुन्हा चालायचा. कशासाठी वाहतोय हे त्याला कळलेलं नव्हतं. बहीण वाहतेय, एवढं कळलं होतं आणि तेवढं त्याला पुरत होतं. वर ओतलेल्या मातीवर उरलीसुरली सर आली आणि त्यातली निम्मी त्यांच्या डोळ्यांदेखत पुन्हा घळीतून खाली निघाली.

"हरकत नाही," दादा धापा टाकत म्हणाला. "दर पावसानंतर आणू. दोघं मिळून. मी येत जाईन."

आत्याला तेव्हा रडू आलं, आणि त्याला धरून गदगदा हलवावंसंही वाटलं. हा माणूस तिच्यासाठी मरेपर्यंत चढावरून माती वाहील, पण रान झाकू देणार नाही. तिने बादली खाली ठेवली.

"दादा, बस इथे."

तो बसला. तीही शेजारी टेकली.

"मी वरचं मागत होते ते तुझ्यासाठी नव्हतं. त्यागबिग काही नव्हता. मला ते रान आवडतं. त्याचं काहीतरी चांगलं व्हावं असं मला वाटतं, बास. खालचं मी मागितलं ते खोटं होतं. तुझी पोरगी म्हणाली म्हणून."

दादाने विचारलं, "मग परत वरचं घेतेस?"

"रान तुझंच ठेव. मका तुझाच. मला फक्त मका निघाल्यापासून पेरणीपर्यंत दे. मी पेरीन, मी कापीन. तू काही करायचं नाहीस. नांगर नाही, दाताळं नाही, साफसफाई नाही. उभं राहील ते उभं राहू द्यायचं, पडेल ते पडू द्यायचं. नुसतं काही न करणं, एवढं जमेल तुला?"

माती वाहायला एका शब्दात तयार झालेला माणूस आता विचारात पडला. तो घळींकडे बघत राहिला, आपल्या चिखलाने भरलेल्या हातांकडे बघितलं. आत्याला वाटलं, आता 'बघू' म्हणणार. त्याने तोंड उघडलं, आणि तो म्हणाला, "लोक मला विचारतील गं. रान असं घाण का ठेवलंय म्हणून. त्यांना काय सांगू?"

"सांग, बहीण वेडी आहे, ऐकत नाही."

दादाचा चेहरा एकदम मोकळा झाला. "ते होय," तो म्हणाला. "ते तर मी पहिल्या वर्षापासूनच सांगतोय."

आत्याला ते लागलं. चांगलंच लागलं, आणि पुढे किती तरी दिवस लागत राहिलं. पण रान मिळालं होतं, आणि तागाला अजून हंगाम होता. म्हणून ती गुडघ्यावर हात टेकून उठली आणि घरात बियाणं किती उरलंय ते बघायला गेली.